फोटो प्रिंट ऑनलाइन विकता? आधी पिक्सेल मोजा, मग पैसे घ्या



फोटो प्रिंटचा ऑनलाइन धंदा करायचा म्हणणारे आपल्या अमरावती-अकोल्याच्या प्रत्येक बॅचमध्ये दोन-चार जण असतातच. कोणाचा घरचा स्टुडिओ असतो, कोणी मेळघाटात कॅमेरा घेऊन फिरतो, कोणाकडे फक्त लॅपटॉप आणि ओळखीची लॅब असते. प्रश्न सगळ्यांचा एकच: "सर, रिझोल्युशन किती लागते?" आणि गंमत म्हणजे उत्तरही पाठ असते. ३०० डीपीआय.

व्हिडिओत मी कॅल्क्युलेटर घेऊन हिशोब करून दाखवला आहे. तो पाहिला नसेल तरी हरकत नाही, लागेल तेवढा हिशोब इथेही येईलच. पण आज मला आकड्यांसोबत माझं मत सांगायचं आहे, कारण ते व्हिडिओत नीट मांडता आलं नाही.

माझं मत असं: एखादी फाइल कोणत्या साइजपर्यंत चांगली छापली जाईल, हे ठरवायचं काम विकणाऱ्याचं आहे, घेणाऱ्याचं नाही. आणि ते काम पैसे घ्यायच्या आधीचं आहे. "गिऱ्हाइकाने दिली तशी फाइल आम्ही छापली" हे वाक्य फोटोच्या धंद्यात चालवून घेऊ नये. शिंप्याकडे कापड कमी घेऊन गेलं तर तो आधीच सांगतो, "दादा, यात फुल बाहीचा शर्ट होत नाही." शिवून झाल्यावर नाही सांगत. आपल्यालाही एवढंच करायचं आहे.

३०० चा आकडा आला कुठून?

आधी शब्द स्पष्ट करू. खरं म्हणजे फोटोच्या फाइलबद्दल बोलताना पीपीआय म्हणायला पाहिजे, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल. डीपीआय म्हणजे प्रिंटर एका इंचात शाईचे किती ठिपके टाकतो ते. पण बाजारात सगळे डीपीआयच म्हणतात, लॅबवालाही तेच म्हणतो, म्हणून मीही तेच वापरतो.

चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर वेगळं दिसतं. त्याहून जवळचे दोन ठिपके डोळ्याला एकच वाटतात. यावरून हिशोब केला तर एका फुटावरून पाहताना इंचाला साधारण २८६ ठिपके पुरतात. हाच आकडा गोल करून ३०० झाला. म्हणजे ३०० हा हातात धरून पाहायच्या फोटोचा आकडा आहे. अल्बम, पासपोर्ट, मॅक्सी साइज, पत्रिका, यांचा.

अंतर वाढलं की गरज कमी होते. दोन फुटांवरून साधारण १५०, तीन फुटांवरून १००. आपल्या राजकमल चौकात वाढदिवसाचे जे फ्लेक्स लागतात, ते वीस फुटांवरून पाहायचे असतात. तिथे इंचाला पंधरा-वीस पिक्सेल असले तरी भाऊंचा चेहरा एकदम झकास दिसतो. जवळ जाऊन पाहा, नुसते चौकोन दिसतील. पण जवळ जातं कोण?

म्हणून "३०० नसेल तर मी छापतच नाही" म्हणणारा स्टुडिओवाला चुकतो आणि "काहीही द्या, मोठं करून देतो" म्हणणारा त्याहून जास्त चुकतो. पहिला चांगली ऑर्डर घालवतो. दुसरा गिऱ्हाइक घालवतो.

एक फाइल, चार साइज

एक फाइल घ्या: २४०० × ३६०० पिक्सेल. हिची एकच "बरोबर" साइज नाही.

- ८ × १२ इंच छापली, तर इंचाला ३००. हातात धरून पाहा, एकदम तलम.
- १२ × १८ छापली, तर २००. भिंतीवरची फ्रेम, जवळून पाहिली तरी चांगली.
- १६ × २४ छापली, तर १५०. सोफ्याच्या वर लावायला उत्तम.
- २४ × ३६ छापली, तर १००. तीन-चार फुटांपलीकडून ठीक, जवळून मऊ दिसेल.

गणित एवढंच आहे. फाइलची लांब बाजू पिक्सेलमध्ये घ्या, प्रिंटच्या लांब बाजूच्या इंचांनी भागा. येईल तो तुमचा डीपीआय. बाकी सगळं यातूनच निघतं. नेहमीच्या साइज तोंडपाठ ठेवा: ३०० ने ४ × ६ ला १२०० × १८००, ५ × ७ ला १५०० × २१००, ८ × १० ला २४०० × ३०००, १२ × १८ ला ३६०० × ५४००.

इथे तीन गैरसमज आहेत, ते काढून टाका.

पहिला: सॉफ्टवेअरमध्ये ७२ खोडून ३०० लिहिलं की फोटो ३०० चा झाला. नाही झाला. तो आकडा म्हणजे डब्यावरची चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर "पाच किलो" लिहून डब्यातली डाळ वाढत नाही. पिक्सेल जेवढे होते तेवढेच राहतात. फोटोशॉपमध्ये रिसॅम्पल चालू ठेवून आकडा बदलला तर पिक्सेल वाढतात खरे, पण ते आजूबाजूचे पाहून भरलेले असतात, कॅमेऱ्याने टिपलेले नसतात.

दुसरा: फाइल जास्त एमबीची म्हणजे चांगली. एमबी हा साठवणुकीचा आकडा आहे. झाडापानांचा फोटो जास्त एमबी घेतो, मोकळ्या आभाळाचा कमी घेतो, पिक्सेल दोन्हींचे सारखे असू शकतात. मोजायचे ते पिक्सेल.

तिसरा: पिक्सेल भरपूर आहेत म्हणजे काम झालं. हाललेला फोटो, अंधारात काढलेला दाणेदार फोटो, फोकस चुकलेला फोटो ५० मेगापिक्सेलचा असला तरी मोठा छापला की दोषच मोठा होतो. म्हणून पिक्सेल मोजल्यावर फाइल शंभर टक्के झूम करून एकदा डोळ्यांनी पाहायचीच. चेहरा असेल तर डोळे पाहा. पापणी दिसते का? बस.

भिंतीवरचा फोटो किती लांबून पाहतात?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. फोटो प्रिंटच्या ऑनलाइन ऑर्डरमध्ये आपल्याकडे एक ऑर्डर नेहमी येते. "भाऊ, बाबाचा फोटो हाय. हॉलमंधी लावाचा हाय. मोठा करून द्या." सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक फोटो. बहुतेक वेळा तो लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला असतो, नाहीतर भिंतीवरच्या जुन्या फ्रेमचा मोबाइलने काढलेला फोटो असतो, आणि काचेत ट्यूबलाइट दिसत असते.

पुस्तकी नियम म्हणतो की हॉलमधली फ्रेम चार-सहा फुटांवरून पाहतात, म्हणून ८०-१०० डीपीआय पुरेल. हा नियम चिखलदऱ्याच्या दरीच्या फोटोला चालतो. वडिलांच्या फोटोला चालत नाही. आपल्या घरात त्या फोटोला हार घालतात, तिथीला कुंकू लावतात, फडक्याने काच पुसतात. आई रोज सकाळी समोर उभी राहते. ते अंतर एका हाताचं असतं. चेहरा मऊ पडला, कानाजवळ चौकोन दिसले, तर ते पहिल्याच दिवशी दिसतात आणि पुढची वीस वर्षं दिसत राहतात.

म्हणून दिवंगत माणसाच्या फोटोला मी १२ × १८ फ्रेम असली तरी २०० च्या खाली जात नाही. देखाव्याला १०० वरही छापतो. एकाच साइजला दोन नियम का, असं कोणी विचारलं तर उत्तर हेच: पाहणारा कुठे उभा राहणार आहे ते आधी विचारा.

आता व्हॉट्सअ‍ॅपचं गणित पाहा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे दाबला जातो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. १२ × १८ ला छापला तर १६०० भागिले १८, म्हणजे ८९. त्यात दाबताना बारीक तपशील जातो तो वेगळाच. ग्रुपमधून कापलेला चेहरा असेल तर उरतात चार-पाचशे पिक्सेल. त्यातून १२ × १८ काढायचा म्हणजे जेमतेम २५-३० डीपीआय. हा फ्लेक्सचा आकडा झाला, घरातल्या फोटोचा नाही.

आणि लक्षात घ्या, मूळ फोटो बहुतेक वेळा कोणाकडे तरी असतोच. ज्याने काढला त्याच्या फोनमध्ये, लग्नाच्या फोटोग्राफरच्या हार्ड डिस्कवर, किंवा कागदावर ट्रंकेत. पण तो मागायचा असतो हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. ते सांगणं आपलं काम आहे. "फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा" हे एक वाक्य सांगितलं तरी निम्मी अडचण सुटते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी येते. २०२३ पासून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एचडीचा पर्याय आला आहे, तो साध्यापेक्षा बरा, पण छपाईसाठी डॉक्युमेंटच मागा.

कागदी फोटो असेल तर स्कॅन. ४ × ६ चा जुना फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला की २४०० × ३६०० ची फाइल मिळते, म्हणजे ८ × १२ आरामात. पासपोर्ट फोटो ३५ × ४५ मिलिमीटरचा असतो, तो १२०० ला स्कॅन केला तर साधारण १६५० × २१२५ पिक्सेल येतात, म्हणजे आकड्याने ५ × ७ होतो. पण जुन्या कागदावर मुळात जेवढं उमटलं आहे तेवढंच स्कॅनर उचलतो. पुढे वाढवलं तर कागदाचा पोत मोठा होतो, चेहरा नाही. आणि फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. मूळ प्रत फाटली तर पुन्हा मिळत नाही.

जयंतीच्या ऑर्डरी आणि गूगलवरचा फोटो

घरच्या फोटोंनंतर आपल्या भागातली दुसरी मोठी मागणी म्हणजे महापुरुषांच्या फ्रेमची. शाळा, ग्रामपंचायत, पतसंस्था, कोचिंग क्लास, सगळीकडे लागतात. २३ फेब्रुवारीला गाडगे बाबांची जयंती, २७ डिसेंबरला पंजाबराव देशमुखांची. अमरावतीचं विद्यापीठ गाडगे बाबांच्या नावाचं, अकोल्याचं कृषी विद्यापीठ पंजाबरावांच्या नावाचं, आणि गुरुकुंज मोझरी तर आपल्या घरचीच. त्यामुळे वऱ्हाडात ही मागणी बाराही महिने असते. नवीन मुलं ऑनलाइन धंदा इथूनच सुरू करतात.

करतात काय? गूगलवर सर्च, पहिली इमेज सेव्ह, १२ × १८ ला छपाई, फ्रेम, लिस्टिंग. ती इमेज पाहिली तर ६०० पिक्सेल रुंद असते. ६०० भागिले १२, म्हणजे ५०. बाबांच्या दाढीचे केस एकमेकांत मिसळून पांढरा गोळा झालेला, डोळे म्हणजे दोन काळे ठिपके. आणि हे शाळेत, मुलांच्या समोर.

गाडगे बाबा १९५६ साली गेले, पंजाबराव १९६५ साली, तुकडोजी महाराज १९६८ साली. त्यांचा नवा फोटो निघणार नाही. जे आहे ते फिल्मच्या काळातलं, कागदावरच्या प्रतींमध्ये आहे. म्हणजे हा माल विकायचा तर चांगल्या जुन्या प्रतीपर्यंत पोचावं लागतं, परवानगीने स्कॅन करावं लागतं, डाग साफ करावे लागतात. मेहनत आहे, पण तीच तुमची पुंजी आहे. गूगलवरची इमेज तर सगळ्यांनाच मिळते, मग तुमच्याकडून कोणी का घ्यावं?

इथे कायद्याची एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. चित्रकाराने काढलेलं चित्र असेल तरी तसंच, चित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं. म्हणजे इंटरनेटवर दिसला म्हणून फोटो आपला होत नाही. कोणाचा आहे ते आधी पाहा, नंतर पिक्सेल.

वाघ लहान, फ्रेम मोठी

तिसरा गट स्वतःचे फोटो विकणाऱ्यांचा. मेळघाट हा १९७३ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातला एक, त्यामुळे नाव आहे, आणि फोटोला गिऱ्हाइकही आहे. पण मेळघाट म्हणजे डोंगर आणि सागाची दाट झाडी. वाघ दिसलाच तर लांब, तोही कमी उजेडात.

समजा तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, फाइल ६००० × ४०००. वाघ लहान आला म्हणून तुम्ही कापून १८०० × १२०० ठेवला. आता हा फोटो २४ मेगापिक्सेलचा राहिला नाही, दोनचा झाला. ३०० ने तो ४ × ६, २०० ने ६ × ९, आणि १५० ने ८ × १२. तो २४ × ३६ च्या कॅनव्हासच्या यादीत टाकायचा नाही. त्याच कॅमेऱ्याने गाविलगडाचा बुरूज किंवा चिखलदऱ्याचं धुकं न कापता टिपलं, तर तेच २० × ३० ला २०० डीपीआय देतं. एकाच फोटोग्राफरच्या दोन फोटोंना वेगवेगळ्या कमाल साइज हव्यात. सगळ्या फोटोंना एकच साइज-यादी चिकटवणं हा आळस आहे, आणि रिटर्न तिथूनच येतात.

कॅनव्हासवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा. कॅनव्हास लाकडावर गुंडाळला जातो. चारी बाजूंनी दीड इंच गेला तर १६ × २४ च्या कॅनव्हासला १९ × २७ चं चित्र लागतं. म्हणजे १५० डीपीआयला २४०० × ३६०० पुरत नाही, २८५० × ४०५० लागतात. हे विसरलं की कोणाचं तरी डोकं फ्रेमच्या कडेवर वळतं.

आकाराचंही तसंच. मोबाइल ४:३ मध्ये फोटो काढतो, कॅमेरा ३:२ मध्ये, आणि ८ × १० ची फ्रेम ५:४ ची असते. काहीतरी कापलं जाणारच. काय कापलं जाणार ते गिऱ्हाइकाला आधी दाखवा.

आणि दुकानात दाखवायची फाइल वेगळी, छापायची वेगळी. अ‍ॅमेझॉनवर झूम चालायला लांब बाजू किमान १००० पिक्सेल लागते. दाखवायला १०००-१६०० पुरे. मूळ मोठी फाइल कुठेही टाकू नका. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा फोटो घरोघरी फॉरवर्ड झाले, पण फॉरवर्ड झालेल्या फाइलमधून भिंतीवरची फ्रेम निघत नाही. तो दिवस ज्याच्या मूळ फाइलमध्ये आहे, त्याच्याकडेच विकण्यासारखं काही आहे. मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा.

"एआयने मोठं करून देऊ न सर!"

हा प्रश्न आता प्रत्येक बॅचमध्ये येतो. साधन चांगलं आहे, मीही वापरतो. पानं, दगड, कापड, पाणी यांचा फोटो दुप्पट केला तर छान निघतो. सागाचं एक पान मशीनने मनाने भरलं तर कोणाचं काही बिघडत नाही.

चेहऱ्याचं तसं नाही. पन्नास पिक्सेलच्या डोळ्यात माहितीच नसते. मशीन हजारो दुसऱ्या डोळ्यांवरून अंदाज करतं आणि एक स्वच्छ, चकचकीत डोळा बसवतं. फोटो सुंदर होतो, पण माणूस दुसराच होतो. हनुवटीवरचा तीळ जातो, जरा तिरका असलेला दात सरळ होतो, उन्हात राबलेल्या माणसाची कातडी मलई लावल्यासारखी होते. घरचा माणूस पाहतो आणि म्हणतो, "चांगला हाय फोटो, पण आमचे बाबा नाही वाटत हे." यावर आपल्याकडे उत्तर नसतं.

म्हणून माझा नियम: चेहरा असेल तर दुपटीच्या पुढे नाही, गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय नाही, आणि आधीचा-नंतरचा फोटो शेजारी ठेवून घरच्या माणसाचा होकार घेतल्याशिवाय नाही.

"पण सर, गिऱ्हाइक हातचं जाते ना!"

हा खरा आक्षेप आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. नवीन धंद्यात एकेक ऑर्डर मोलाची असते. तुम्ही नाही म्हणाल, शेजारचा करून देईल. शिवाय सगळ्यांनाच काही फरक कळत नाही, हेही खरं.

आता पैशाचा हिशोब करू. समजा १२ × १८ ची फ्रेम तुम्ही ९०० ला विकता, छपाई-फ्रेम-पॅकिंग-कुरिअर धरून खर्च ६००, सुटतात ३००. ती परत आली. ९०० परत दिले, ६०० गेलेच, येण्याचं कुरिअर १०० धरा. नुकसान ७००. म्हणजे तीन चांगल्या ऑर्डरी होईपर्यंत ते भरून निघत नाही. आणि परत आलेला माल? साडी परत आली तर दुसऱ्याला विकता येते. कोणाच्या तरी वडिलांचा फोटो कोणाला विकणार?

"ऑर्डरप्रमाणे बनवलेला माल परत घेत नाही" असं लिहून सुटका होईल असं वाटत असेल, तर ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम वाचा. माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला परत घेण्यास नकार देता येत नाही. तुम्ही लिस्टिंगमध्ये "एचडी क्वालिटी" लिहिलं आणि चौकोन पाठवले, तर चूक कोणाची धरतील?

आणि मी "नाही म्हणा" असं म्हणतच नाही. मी म्हणतो, दुसरा पर्याय द्या. फाइल ५ × ७ चीच आहे आणि भिंतीवर मोठं पाहिजे आहे? ५ × ७ चा नीट प्रिंट काढा, चारी बाजूंनी रुंद पांढरा माउंट द्या, ११ × १४ च्या फ्रेममध्ये बसवा. भिंतीवर मोठं दिसतं, चेहरा टवटवीत राहतो, आणि फ्रेम-माउंटमुळे तुमचं बिलही कमी होत नाही. विकायचं कौशल्य इथे लागतं.

ऑर्डर घेताना एवढं करा

१. ऑर्डर फॉर्ममध्ये पहिला प्रश्न साइजचा ठेवू नका, फाइलचा ठेवा. फाइल आधी, साइज नंतर, पैसे सगळ्यात शेवटी.

२. दुसरा प्रश्न: फोटो कुठे लावणार, कोणाचा आहे? हार घालायचा फोटो असेल तर २०० च्या खाली जाऊ नका. हातात घ्यायचा असेल तर ३००. सोफ्यावरचा देखावा १०० ते १५०.

३. फोनच्या गॅलरीत फोटोच्या डिटेल्समध्ये पिक्सेल दिसतात. गिऱ्हाइकालाही ते पाहायला शिकवा. एकदा शिकलेलं गिऱ्हाइक पुढच्या वेळी नीट फाइल पाठवतं.

४. तीन रकाने करा: "मस्त छापेल", "चालेल, पण जवळून मऊ दिसेल", "या साइजला छापणार नाही". प्रत्येक फाइलला यातलं एक उत्तर लेखी द्या.

५. स्वतःचे फोटो विकत असाल तर प्रत्येक फोटोची कमाल साइज ठरवून त्याच साइज लिस्ट करा.

६. शंका असेल तर चेहऱ्याचा तुकडा खऱ्या साइजमध्ये ४ × ६ कागदावर छापून पाहा. दहा-वीस रुपयांत ९०० ची फ्रेम वाचते.

मेसेज कसा लिहायचा, हाही प्रश्न येतो. असा लिहा:

"नमस्कार. फोटो मिळाला. आम्ही तपासला. ही फाइल ६ × ८ इंचांपर्यंत छान छापली जाईल. १२ × १८ ला चेहरा अस्पष्ट येईल, म्हणून तो आम्ही देत नाही. मूळ फोटो ज्यांच्या फोनमध्ये आहे त्यांच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवता येईल का? कागदी फोटो असेल तर जवळच्या स्टुडिओत ६०० डीपीआयला स्कॅन करून पाठवा. तोपर्यंत ऑर्डर थांबवून ठेवतो, पैसे पाठवू नका."

शेवटचे तीन शब्द, "पैसे पाठवू नका", लिहायला नवीन माणसाचा हात थरथरतो, मला माहीत आहे. पण ऑनलाइन गिऱ्हाइकाला तुमचं दुकान दिसत नाही, तुमचा चेहरा दिसत नाही, कागद हातात घेऊन पाहता येत नाही. तुम्ही कसे आहात हे त्याला कळायची ती एकच जागा आहे. असा मेसेज आलेलं गिऱ्हाइक मामाकडून, काकाकडून मूळ फोटो शोधून आणतं, आणि दुसरीकडे जात नाही, हा माझा दुकानातला अनुभव आहे.

कॅमेरा, प्रिंटर, लॅब या गोष्टी पैसे टाकले की कोणालाही मिळतात. फाइल उघडून, भागाकार करून, खरं काय ते सांगायला एक रुपया लागत नाही. तरी बाजारात हेच कमी मिळतं, म्हणून त्याला किंमत आहे.

आजचा गृहपाठ: तुमच्या फोनमधले किंवा ऑर्डरमधले कोणतेही पाच फोटो घ्या. प्रत्येकाची लांब बाजू पाहा, ३००, २०० आणि १०० ने भागा, तीन साइज वहीत लिहून काढा. पाचवा फोटो होईपर्यंत कॅल्क्युलेटर लागणार नाही. पुढच्या व्हिडिओत कागद आणि फ्रेमच्या खर्चाचा हिशोब घेऊ. तोपर्यंत मोजत राहा.